रिकाम्या बाटलीतली मासोळी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत चिकटराव म्हणते. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि ते जिना चढून दिसेनासे झाले की चिकटराव. हे नाव ठेवलं कुणी, यावर वाद आहे. संशय माझ्यावर आहे आणि तो दूर करायची मी घाई केलेली नाही.

नाव दोन्ही बाजूंनी बसतं. एक तर त्यांचा जन्म गेला जिलेटिन तपासण्यात, आणि त्याहून चिकट वस्तू जगात शोधून सापडायची नाही. दुसरं म्हणजे हा माणूस रिकामी बाटली, बरणी, डबी म्हणून फेकत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत असतं, चहा बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटं रंगाच्या डब्यात, आणि रंग कशात असेल हे विचारायची माझी हिंमत होत नाही. वहिनी एकदा म्हणाल्या, “मी मेले ना, तर मलाही हे विसळून पालथी घालून ठेवतील. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.” चिकटराव तिथेच बसले होते. त्यांनी हरकत घेतली नाही.

जिलेटिन म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच बशीत बोट दाखवून सांगितलं होतं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळ्यांच्या बश्यांत लालचुटूक जेली थरथरत होती, आणि हे सांगू लागले. जनावरांची कातडी आणि हाडं घ्यायची, आम्लात नाहीतर चुन्याच्या निवळीत भिजत टाकायची, मग गरम पाण्यात शिजवत ठेवायची. जो रस उतरतो तो वाळवून त्याची पूड करायची. तीच ही, असं म्हणून त्यांनी माझ्या बशीला टिचकी मारली. जेली थरथरली, मीही थरथरलो. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत कुणी चिकटरावांसमोर गोड वाढत नाही.

खरी गोम पुढे आहे. त्या पुडीला ना वास, ना चव, ना रंग. गाय असो, डुक्कर असो, मासा असो, इतका मार खाल्ल्यावर सगळे सारखेच दिसतात, निवृत्त झाल्यावर न्यायाधीश आणि शिपाई बागेतल्या बाकावर एकसारखे दिसतात तसे. पण खाणाऱ्याला तर फरक पडतो. कुणाला गाय चालत नाही, कुणाला डुक्कर. कुणाला दोन्ही नको पण मासा चालतो, तर कुणाला यातलं काहीच नको. ज्याला जे नको ते त्याच्या तोंडात फसवून जाऊ नये, एवढ्यासाठी चिकटराव रोज सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जातात.

त्यांच्याकडे शोधायच्या वाटा दोन. पहिली डीएनएची. शिजवून शिजवून त्याचा भुगा झालेला असतो, पण एखादा चिमुकला तुकडा शाबूत सापडला तर यंत्रात घालून त्याच्या इतक्या नकला काढायच्या की शेवटी तो लपू म्हटला तरी लपू शकत नाही. हे म्हणजे आपल्या इमारतीसारखं, ते म्हणतात. तळमजल्यावर कुणी शिंकलं तर बातमी गच्चीवर पोचेपर्यंत त्याला न्यूमोनिया झालेला असतो. हे सांगताना ते माझ्याकडेच का बघतात, कोण जाणे.

दुसरी वाट प्रथिनाची. एक पाचक रस घालून जिलेटिनचे बारीक तुकडे करायचे आणि एकेक तुकडा फार नाजूक यंत्रात तोलायचा. गाईचे काही तुकडे डुकराच्या तुकड्यांहून केसभर जड किंवा हलके भरतात, माशाची तर तऱ्हाच निराळी. गंमत अशी की हा पाचक रस बहुधा डुकराच्याच पोटातल्या ग्रंथीतून काढलेला असतो. म्हणजे चोर पकडायला चोराचाच मेव्हणा, असं मी म्हटलं. चिकटराव हसले नाहीत. तो रस म्हणजे जिलेटिन नव्हे, त्यामुळे घोटाळा होत नाही, असं त्यांनी मला समजावलं. विनोद समजावून मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

तर अशा या माणसाला एकच मुलगी, आणि ती बापासारखी मुळीच नाही. पोरगी पोहायला शिकवते. शहराच्या तलावावर गळ्यात शिट्टी अडकवून उभी असते आणि तिच्या आवाजाने मोठमोठे बाप्ये मुकाट पाण्यात उतरतात. त्यातच एक उतरला तो पोहायला शिकला नाही, अर्धा तलाव मात्र प्यायला. तिनेच त्याला केसांना धरून बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, आणि पुन्हा बुडाला. तिसऱ्या वेळी तिला संशय आला की हा मुद्दाम बुडतोय. संशय खरा निघाला, आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं.

आता योगायोग बघा. मुलाच्या बापाचा धंदा गोळ्यांचा. मऊ, रबरासारख्या, माशाच्या आकाराच्या गोळ्या, मुलं त्यांना मासोळ्या म्हणतात. बापाच्या बापाने सुरू केलेला छोटासा कारखाना, वर राहायचं घर. आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: फक्त माशाचं जिलेटिन. हाच त्यांचा सगळा बडेजाव. माशाचं जिलेटिन महाग पडतं, उन्हात लवकर मऊ होतं, गोळी जरा लिबलिबीतच राहते. पण ज्यांना बाकीचं काही चालत नाही ती माणसं गावाच्या दुसऱ्या टोकाहून मासोळ्या घ्यायला येतात. त्यांच्या मुलांना खाता येईल अशी दुसरी गोळीच नाही.

गोळीवाले पहिल्यांदा चिकटरावांकडे आले तेव्हा मला मुद्दाम बोलावलं होतं. चिकटरावांना थोरला भाऊ नाही, म्हणून माझी नेमणूक. वहिनींनी जिन्यातच बजावलं, “भावजी, तुम्ही फक्त मान हलवायची.” मी मान हलवली. गोळीवाले म्हणजे गोल, हसरा, हातावर कायम साखरेची पूड असलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी मासोळ्यांचा मोठा डबा काढला. चिकटरावांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली आणि मान डोलावली. मी इतक्या वर्षांत त्यांना गोड खाताना पहिल्यांदा बघितलं. व्याह्यांचं जमलं. लग्नाची तारीख ठरली, सभागृह ठरलं, वहिनींनी पाहुण्यांची मोजदाद सुरू केली.

आणि पाहुणे जिना उतरत असताना चिकटरावांनी हळूच खिशातून एक छोटी बाटली काढली, दोन मासोळ्या तिच्यात टाकल्या आणि बूच लावलं.

त्यांना दोष देऊ नका. मनात संशय असा नव्हता. हा माणूस ज्याच्यावर जीव जडतो ते तपासतो. वहिनींशी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी काय तपासलं असेल ते मी विचारलेलं नाही. त्यांना फक्त स्वतःशी खात्री करायची होती, म्हणजे मग जन्मभर छाती काढून सांगता आलं असतं की माझ्या व्याह्याच्या मासोळीत मासाच.

प्रयोगशाळेत असा घरचा नमुना नेणं नियमात बसत नाही. प्रत्येक नमुना नोंदवूनच आत जायला हवा. पण डीएनएच्या यंत्रात बारीक खळग्यांची एक ताटली बसते आणि दिवसाचं काम संपताना कोपऱ्यातले काही खळगे रिकामे उरतात. चिकटरावांना रिकामं काही वाया गेलेलं बघवत नाही, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांनी मासोळी विरघळवली आणि चार खळगे भरले.

उत्तर आलं: मासा आहे. आणि डुक्करही आहे.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण घाईने विश्वास ठेवतील तर ते चिकटराव कसले? ते दर वेळी एका खळग्यात निव्वळ पाणी आणि औषधं घालतात, नमुना घालत नाहीत. त्या खळग्यातही डुक्कर दिसलं, तर समजायचं की घाण आपल्याच टेबलावर आहे. तो खळगा स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीतली दुसरी मासोळी घेतली. पुन्हा तेच, मासा आणि डुक्कर. आणि त्यांच्या डोक्यात सगळं चोख बसलं. मासा महाग, लिबलिबीत. त्यात थोडं डुकराचं मिसळलं की खर्चही वाचतो आणि गोळीही घट्ट बसते. अशी भेसळ त्यांनी आयुष्यात किती तरी वेळा पकडली होती. पकडल्यावर मात्र घरी येऊन झोप लागायची. आता लागेना.

बोलावं तर मुलीचं लग्न मोडतं. न बोलावं तर ती गावाच्या टोकाहून येणारी माणसं आपल्या मुलांच्या तोंडात नको ते घालतायत, आणि हे माहीत असलेला माणूस गोळीवाल्यांच्याच मांडवात हार घालून बसलाय. वहिनींना वाटलं पोट बिघडलंय. त्यांनी मऊ भात केला. चिकटरावांनी तोही परत पाठवला, तेव्हा त्या घाबरून मला बोलवायला आल्या. मी वर जाऊन खोदून खोदून विचारलं, पण बूच काही निघालं नाही.

मग गोळीवाल्यांकडचं जेवण आलं. आम्ही सगळे गेलो, मी पुन्हा मान हलवायला. खाली कारखान्यात तांब्याची कढई, साच्यांची लाकडी ताटं, त्यांत पसरलेला पांढरा स्टार्च आणि त्यावर उमटलेले शेकडो छोटे मासे. गोळीवाले एकेक गोष्ट पोरासारख्या कौतुकाने दाखवत होते. वर आल्यावर ताज्या मासोळ्यांची थाळी फिरली. चिकटरावांपाशी आली तेव्हा ते म्हणाले, गोड बंद केलंय. गोळीवाल्यांनी आग्रह केला. यांनी हात मागे घेतला. पुन्हा आग्रह झाला आणि यांचा तोल गेला. माल कुठून घेता, एकाच व्यापाऱ्याकडून का, पोतं तुमच्यासमोर फोडतात का, कढई दुसऱ्या कशासाठी वापरता का. आवाज शांत होता, पण मी तो ओळखतो. तो चौकशीचा आवाज.

गोळीवाल्यांचा चेहरा उतरत गेला. थाळी त्यांच्या हातातच राहिली.

“व्याही,” ते म्हणाले, “जेवायला आलात की धाड घालायला?”

मी मान हलवायचीही विसरलो. आम्ही जेवलो, म्हणजे चमचे वाजवले, आणि निघालो. दारात मुलगा पोरीशी काही बोलायला आला, तिने डोळ्यांनीच त्याला थांबवलं.

घरी जाताना वाटेत पोरगी बापापुढे उभी राहिली. त्याच शिट्टीवाल्या पवित्र्यात. आणि मग सगळं बाहेर आलं, तिथेच, बंद दुकानाच्या पायरीवर. बाटलीत टाकलेल्या मासोळ्या, कोपऱ्यातले खळगे, दोनदा आलेलं तेच उत्तर. वहिनी पायरीवर बसल्याच. पोरगी रडली नाही. तलावावर ती बुडणाऱ्याला असंच सांगते म्हणे, आधी श्वास घे, मग बोल.

“बाबा, ते खरं असेल तर मला हवंय की ते सगळ्यांना कळावं. लग्न गेलं तरी चालेल. पण चोरून कोपऱ्यात केलेल्या तपासणीवर माझं लग्न मी मोडू देणार नाही. बाईंना सांगा. रीतसर करा. आणि चूक निघाली, तर तुम्हीच जायचं त्यांच्याकडे. मी नाही येणार सोबत.”

 चिकटरावांची मान, बरं का, हलली.

बाई म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्याहून बऱ्याच लहान. एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकल्या आणि शिकता शिकता पुढे निघून गेल्या. पुढचं अर्धं मला चिकटरावांनी सांगितलं, अर्धं बाईंनी लग्नात सांगितलं. दोन्ही अर्धी जुळत नव्हती. बाईंचं जास्त रंगतदार होतं, म्हणून मी ते घेतलंय.

चिकटराव सकाळी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. बाई ओरडल्या नाहीत. यंत्राला चोरून काम दिल्याबद्दल त्या नंतर बघणार होत्या. त्यांनी एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. रिकामा खळगा स्वच्छ होता का? होता. हात धुतले होते? हातमोजे होते. दुसऱ्यांदा केलं तेव्हा औषधं नवी घेतली? घेतली. टेबल बदललं? बदललं. चिकटरावांचा स्वर हळूहळू ताठ होत गेला. इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं तपासलं नव्हतं.

“आणि गोळी आणलीत कशातून?”

चिकटरावांनी खिशात हात घातला आणि बाटली काढून टेबलावर ठेवली. बाई म्हणतात, ठेवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. बाटली टेबलाला टेकायच्या आधीच त्यांना कळलं होतं, पण हात पुढे गेलेला, आता मागे कसा घेणार.

ती वहिनींच्या गुडघ्यांच्या औषधाची बाटली होती. मऊ, चकचकीत, तेल भरलेल्या कॅप्सूलची. त्या कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचंच असतं, हे या देशात दुसऱ्या कुणाहून चिकटरावांनाच जास्त ठाऊक. शेवटची कॅप्सूल फुटून तळाशी चिकटली होती. बाटली धुतली होती, नाही असं नाही. पण चिकटरावांनी धुतली होती. एक चमचा पाण्यात.

प्रयोगशाळेत नवी मुलं आली की पहिला धडा तेच देतात: रिकामं भांडं कधी रिकामं नसतं. नमुना कशात आला हे विचारल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही. बाईंनी हा धडा त्यांच्याकडूनच घेतला होता आणि तसं त्या म्हणाल्याही. त्यावर चिकटराव फक्त “हो” म्हणाले.

बाईंनी पुढचं सगळं रीतसर केलं. दुकानातून सीलबंद डबा मागवला, नोंदवला, आणि चिकटरावांना यंत्राच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. व्याही-व्याही नातं, हात दूर. त्या बिचाऱ्याने दाराच्या काचेला नाक लावून दिवस काढला. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं: मासा, फक्त मासा. मग बाटलीत पाणी घालून हलवून ते पाणी तपासलं. डुक्कर. वहिनींच्या चालू बाटलीतली एक कॅप्सूल तपासली. डुक्कर. आणि चिकटरावांच्या चोरट्या मासोळीचा जो रस उरला होता, तो तोलण्याच्या यंत्रात घातला तर माशाचा डोंगर दिसला आणि त्याच्या पायथ्याशी डुकराची एक मुंगी. नकला काढणाऱ्या यंत्राने त्याच मुंगीला सजवून हत्ती करून मिरवलं होतं. चिकटराव पहिल्याच दिवशी दुसऱ्या वाटेने गेले असते तर त्यांना मुंगी दिसली असती आणि शंका आली असती. पण रिकामे खळगे पहिल्या यंत्रात होते.

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनींनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या गुडघ्यांनी पोरीचं लग्न मोडत होतात.” आणि मग त्या इतक्या हसल्या की खाली माझ्या खोलीत ऐकू आलं. मी लगेच वर गेलो. चौकशी नको का करायला.

पण चिकटरावांचं खरं काम राहिलं होतं. पोरीने सांगितल्याप्रमाणे ते एकटेच गेले. अगदी एकटेच म्हणता यायचं नाही. वहिनींनी मला मागून पाठवलं होतं, हे वाटेत कुठे बसकण मारतील म्हणून. त्यामुळे पुढचं मी कारखान्याच्या दाराशी, साखरेच्या पोत्याला टेकून ऐकलं.

गोळीवाले साच्यांत स्टार्च चाळत होते. आठवड्यात वजन उतरल्यासारखे दिसत होते. चिकटरावांनी नमस्कारही केला नाही, सरळ सुरुवात केली. चोरून नेलेल्या मासोळ्या, ती औषधाची बाटली, स्वतःची चूक. एकही गोष्ट झाकली नाही, की स्वतःची बाजू मांडली नाही. चुकीचा अहवाल दुरुस्त करताना तो जसा वाचून दाखवतात, तसं सगळं बोलून मोकळे झाले.

गोळीवाल्यांनी चाळणी खाली ठेवली.

“म्हणजे मासोळीत मासाच?”

“मासाच. दोन्ही रीतींनी.”

मला वाटलं, आता हा माणूस उसळणार. त्याच्या बापाच्या नावाला यांनी डाग लावला होता. पण गोळीवाले पोत्यावर बसले आणि तोंडावरून हात फिरवला. साखरेने सगळं तोंड पांढरं झालं.

“व्याही, त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी खाली येऊन सगळी पोती उघडली. वास घेतला, चाटून बघितलं. काही कळेना. बाप सांगायचा, व्यापारी भला आहे. मी पोराला सांगतो, व्यापारी भला आहे. डब्यावर एवढं मोठं छापतो आणि मी एकदाही तपासलेलं नाही. तुम्ही विचारलंत ना पोतं कुठून येतं, तेव्हा मला राग नाही आला. भीती वाटली.”

 चिकटरावांनी ताटातल्या पांढऱ्या पिठातून एक मासोळी उचलली, झटकली, तोंडात टाकली आणि चघळत उभे राहिले. डोळे मिटले. गोळीवाले त्यांच्याकडे असे बघत होते की जणू यंत्राचं उत्तर यायचं आहे.

“बरी आहे,” चिकटराव म्हणाले. “जरा लिबलिबीत आहे.”

“माशाची असते,” गोळीवाले म्हणाले, आणि दोघंही हसले.

मी दाराआडून पुढे आलो, कारण आता चहा येणार हे उघड होतं.

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मुलगा आता पोहतो, बुडायची गरज उरलेली नाही. गोळीवाल्यांनी प्रत्येक नव्या पोत्याचा नमुना रीतसर बाईंकडे पाठवायला सुरुवात केली, आणि तो नमुना चिकटरावांच्या हाताला लागू नये अशी बाईंची सक्त ताकीद. तो दिवस आला की चिकटराव दुसऱ्या खोलीत उगाच टेबल पुसत बसतात. वहिनींच्या औषधाची ती बाटली बाईंनी ठेवून घेतली आणि नव्या मुलांना दाखवायला कपाटात लावली. चिकटरावांनी ती परत मिळेल का, असं एकदा विचारून बघितलं होतं. मला वाटतं, त्यांना त्या ताकिदीपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

लग्नात गोळीवाल्यांनी व्याह्यांना भेट म्हणून एक मोठं खोकं दिलं. सगळ्यांसमोर फोडायला लावलं. आत कोऱ्या काचेच्या बरण्या, एकेकीला पक्कं झाकण, झाकणाला सील. “पुढच्या वेळी तपासायला न्याल, तर यांतून न्या,” गोळीवाले म्हणाले, आणि सभागृह हसलं. पोरीने बापाच्या गळ्यात हात टाकला. चिकटरावांचे डोळे ओले झाले, आता आनंदाने की इतक्या नव्या बरण्या फुकट मिळाल्या म्हणून, ते मी सांगू शकत नाही.

त्यांतली एकही बरणी त्यांनी अजून उघडलेली नाही. मी परवा वर गेलो तेव्हा सगळ्या सीलसकट फडताळाच्या वरच्या कप्प्यात ओळीने उभ्या होत्या. वापरत का नाही विचारलं, तर म्हणाले, नव्या आहेत, उगाच खराब कशाला करायच्या.

खोकं मात्र वाया गेलेलं नाही. त्यात जुन्या बाटल्या आहेत.